आजोळच्या घरापुढं दगडी बंधारा : सही करू की नको?

शिरोलीचा_वाळूवाला

मंडळी, अडचणीत आहे म्हणून धागा काढतोय. राजकारण नको, सल्ला हवाय.

आईचं माहेर मालवण तालुक्यातलं, अगदी किनाऱ्यावरचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मामाला तिथं राहायचंय. जांभ्याचं घर, पुढं माड, माडांपुढं सुरूची रांग, मग पुळण म्हणजे वाळूची पट्टी, मग समुद्र. लहानपणी मे महिन्यात फोंडा घाट उतरून गेलो की भर दुपारी पाण्याकडं पळायचो, तर पोचेपर्यंत तळपाय भाजून निघायचे. एवढी वाळू होती. आता सुरूची पाच-सहा झाडं उरलीत, मुळं उघडी पडून समुद्राकडं वाकलेली.

मामा म्हणतो, दोन झटक्यांत गेलं सगळं. पहिला झटका २०१९ च्या दिवाळीत, क्यार वादळाचा. ते वादळ आपल्या किनाऱ्याला आलंच नाही, ओमानच्या दिशेनं गेलं, तरी लक्ष्मीपूजनाची रांगोळी लाटेनं पुसली. (त्याच वर्षी ऑगस्टात आमच्या कोल्हापुरातल्या घरात पंचगंगा शिरली होती. आईचं सासर आणि माहेर तीन महिन्यांत दोन्ही भिजलं.) दुसरा झटका मे २०२१ चा, तौक्ते. त्यात दोन माड आणि विहिरीचा कठडा गेला, विहिरीचं पाणी पुढं कितीतरी दिवस मचूळ लागत होतं.

आता वाडीतल्या लोकांनी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज केलाय. काळ्या दगडाचा, तीनेकशे मीटर. आईचं नाव सातबाऱ्यावर आहे, म्हणून सहीचा कागद आमच्याकडं आलाय. आई म्हणाली, तू बघ आणि सांग.

मी सही करायलाच बसलो होतो. पण गेल्या महिन्यात गेलो तेव्हा दक्षिणेकडच्या वाडीतला जुना बंधारा पायाखालून घातला. तो जिथं संपतो तिथून पुढं, म्हणजे आमच्या बाजूला, किनाऱ्याचा लचका तोडल्यासारखा खड्डा पडलाय. आणि बंधाऱ्यापुढं ओहोटीलासुद्धा वाळू उघडी पडत नाही, पाणी थेट दगडाला भिडलेलं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला : आम्हाला बंधारा लागतोय तो त्यांच्या बंधाऱ्यामुळं तर नाही? आणि आमचा झाला की आमच्या पलीकडच्यांनी काय करायचं?

फाउंड्रीवाला असल्यानं वाळू कळते, समुद्र कळत नाही. जाणकारांनी सांगावं. मंगळवारी कागद परत द्यायचाय.

---

रंकाळा_एक_फेरी

यात विचार कसला करताय? करा की सही. घर राहिलं तर वाळूचं बघता येईल, घरच गेलं तर वाळूत झोपणार काय?

---

बरगेवाला

'बंधारा' वाचलं आणि मला आपला नदीवरचा, फळ्यांचे बरगे घालून पाणी अडवायचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा दिसायला लागला. म्हटलं समुद्राला बरगे घालतोय का काय गडी.

---

शिरोलीचा_वाळूवाला

@बरगेवाला, मामाला मी एकदा हेच म्हटलं होतं. दोन दिवस बोलला नाही.

---

पायाभरणी

नोकरीत असताना किनाऱ्यावरच्या कामांशी संबंध आला होता, आता निवृत्त आहे, राजारामपुरीत असतो. जरा लांब लिहितो.

आधी वादळाचं. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथं समुद्र फुगतो. दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. ५० नं उतरला तर अर्धा मीटर. त्याहून जास्त पाणी वारा आणतो, उथळ समुद्रावरून ढकलत ढकलत किनाऱ्याशी रचतो. हे वादळी उधाण. बंगालचा उपसागर उत्तरेला उथळ आणि निमुळता, म्हणून तिकडची उधाणं माणसं गिळतात. १९७० च्या भोला वादळात लाखोंनी मेली. कोकणात वादळं सहसा किनाऱ्याला समांतर निघून जातात, आडवी येऊन धडकणारी थोडी. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तसं होतं, ते रायगडात श्रीवर्धनजवळ चढलं. आपल्याकडचं नुकसान बहुतेक वेळा फुगलेलं पाणी, भरती आणि लाटा एकाच वेळी येण्यानं होतं. क्यार दिवाळीत आलं, आणि दिवाळी म्हणजे अमावास्या. अमावास्येला उधाणाची भरती असतेच. त्यावर लांबच्या वादळाच्या लाटा बसल्या. म्हणून वादळ न येताही रांगोळी गेली.

आता वाळूचं. पुळण एका जागी बसलेली वस्तू नव्हे. पावसाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात तिचा दांडा घालतात, त्या दांड्यावरच पुढच्या लाटा फुटतात, आणि दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे किनारा स्वतःच स्वतःचा बंधारा बांधतो आणि मोडतो. ऑगस्टातला फोटो दाखवून 'गाव गेलं' म्हणणारे आणि मार्चातला दाखवून 'काही झालं नाही' म्हणणारे, दोघेही फसवतात. बघायचं ते एवढंच, की गेलेली वाळू पुरती परत येते की दर वर्षी थोडी कमी येते. ती कमी का येते, याची कारणं बहुधा पाठीमागं असतात : नदीवरची धरणं, खाडीतला वाळू उपसा, शेजारचं बंदर किंवा बंधारा.

तुम्ही पाहिलेला लचका नेहमीचा आहे. भिंत लाट जिरवत नाही, परत फेकते. उतरत्या दगडी बंधाऱ्यात दगडांच्या फटींत थोडी जिरते, उभ्या भिंतीत फारच कमी. फेकलेली लाट पायथ्याची वाळू उकरते. शिवाय भिंतीमागची जी वाळू एरवी वादळात सुटून किनाऱ्याला मिळाली असती ती कोंडली जाते, आणि टोकाशी लाटा वळून शेजारच्या मोकळ्या जमिनीवर चढतात. तरीपण तुमची सगळी धूप त्याच बंधाऱ्यामुळं झाली असं नुसत्या पाहणीवरून सांगणारा माणूस खोटारडा समजा.

---

प्लॉटनाका

माझा अगदी उलटा प्रश्न. तारकर्ली बाजूला समुद्राला लागून ११ गुंठे बघतोय, होमस्टे टाकायचा विचार आहे. एजंट म्हणतो बंधारा मंजूर होणारच, मग काळजी नाही. घ्यावं का?

---

पायाभरणी

@प्लॉटनाका, बंधारा झाला तर पाहुण्यांना पुळण मिळणार नाही, नाही झाला तर तुम्हाला प्लॉट मिळणार नाही. बाकी ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत (दाट वस्तीच्या गावात ५० मीटर) नव्या बांधकामाला बंदी असते ते एजंटनं सांगितलंय का? आपल्याकडं पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पाडले तेही असेच खपले होते.

---

नदीकाठची_सून

@प्लॉटनाका, पुराची निळी रेषा-लाल रेषा कशाशी खातात ते आम्ही २०१९ आणि २०२१ ला शिकलो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वेळा पाणी ५५ च्या वर. आमच्या एजंटनंही 'इथं पाणी येत नाही' असंच सांगितलं होतं. तो स्वतः मात्र टेकडीवर राहतो.

धागाकर्त्यांना : दुसऱ्याच्या भिंतीनं आपल्याकडं पाणी वळलं की कसं वाटतं हे आपल्याकडं नदीकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पलीकडच्यांचा विचार डोक्यात आला यातच तुमचं अर्धं उत्तर आहे.

---

सुरमयेचो_वाटो

घाटावरचे लोक आमच्या दर्याची चर्चा करतत ह्या बघून बरा वाटला. मी थयसरचोच, रापणीवालो. फुडचा प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर परत घाटावर पोचूचा नाय.

भिंत मागणाऱ्याला हसू नका. रात्री दोन वाजता अंथरुणाखाली पाणी आल्यावर वाळूचं शास्त्र कुणाला सुचत नाही. देवबागची जीभ नकाशात बघा, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची पट्टी. तिथल्या माणसाला 'मागे सरका' म्हणणार? मागे नदी आहे.

पण आमच्या वाडीत भिंत झाली तेव्हा काय झालं तेही सांगतो. रापण म्हणजे काय ते कोल्हापुरात माहीत नसेल : होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी ओढायची. दगडावर काय रापण ओढूक येता? होडी वर घ्यायला वाट ठेवली नव्हती. आम्ही भांडल्यावर ठेकेदारानं एका जागी दगड बाजूला सारले, पुढच्या पावसात लाट तिथूनच आत शिरली. तिसऱ्या वर्षी दगड वाळूत बसले, वरचे लोक म्हणाले आणखी दगड टाकतो. तेही बसले.

माझी आजी मर्यादावेल उपटू द्यायची नाही. समुद्रानं कुठवर यायचं ते ती वेल सांगते म्हणायची. पर्यटक यायला लागले तेव्हा पुळण 'स्वच्छ' करायला पहिली तीच काढली. त्यात आमचेच लोक होते.

---

रंकाळा_एक_फेरी

@सुरमयेचो_वाटो, माझा प्रतिसाद अर्धा मागं घेतो. अर्धाच.

---

किल्लेदार_पन्हाळा

महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली, लाटा खात उभा आहे. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली भिंत आहे. आणि आपण आज तीनशे मीटर बंधारा धड बांधू शकत नाही. दगडाची कमतरता नाही, इच्छाशक्तीची आहे.

---

पायाभरणी

@किल्लेदार, अभिमान मलाही आहे, पण सिंधुदुर्ग खडकावर उभा आहे आणि मामांचं घर वाळूवर. फरक तिथंच पडतो.

मात्र दगडाचा विषय काढलात ते बरं झालं. बंधारा वाईट बांधतात हे खरं, आणि कसा ते सांगतो. लाट दुप्पट उंच झाली तर दगड दुप्पट वजनाचा नाही, आठपट वजनाचा लागतो. उंचीच्या घनाच्या हिशेबात वजन वाढतं. १ टनाच्या दगडाचं काम ८ टनाला जातं. शिवाय पाण्यात दगड हलका होतो. काळ्या दगडाचा घनमीटर पावणेतीन टनांच्या घरात, समुद्राचं पाणी त्यातला एक टन उचलून धरतं. जांभा मुळातच हलका आणि सच्छिद्र, त्याचं तर विचारूच नका. चांगला काळा दगड लांबून आणायचा तर खर्च, म्हणून वर मोठे दोन थर आणि आत हाताला येईल ते.

आणि सुरमयेच्या वाट्यांनी सांगितलं की दगड 'बसले', ते का? वाळूवर थेट मोठे दगड टाकले की लाटेचं पाणी फटींतून आतबाहेर करताना खालची वाळू चोखून नेतं. म्हणून खाली जिओटेक्स्टाइलचं कापड (पाणी जाऊ देतं, वाळू धरतं), त्यावर लहान दगडांचा गाळणीचा थर, मग मोठे दगड, आणि पायथ्याला वाळू उकरली गेली तरी खाली घसरून खड्डा भरेल असा रुंद दगडी पदर. कापड आणि पदर दोन्ही पुढं वाळूखाली जातात. दिसत नाहीत, म्हणून तेच वाचवले जातात.

---

वायव्य_वारा

टेट्रापॉड का नाही वापरत? मरीन ड्राइव्हला आहेत की.

---

पायाभरणी

वापरतात. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालेली कल्पना ती, चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे एकमेकांत अडकतात, त्यामुळं कमी वजनात टिकतात. केरळात कोचीजवळच्या चेल्लानमला ७ किलोमीटरच्या वर टेट्रापॉडची भिंत घातली, खर्च ३४४ कोटी. तौक्तेत तिथल्या घरांत पाणी होतं, भिंतीनंतर तेवढ्या पट्ट्यातल्या लोकांना दिलासा मिळाला. आणि भिंत नसलेल्या पुढच्या पट्ट्यातले लोक 'आम्हालाही द्या' म्हणून रस्त्यावर आले. हे तुमच्या वाडीचंच मोठं चित्र.

---

शाहूपुरी_ते_ॲमस्टरडॅम

सध्या नेदरलँड्समध्ये आहे, पण हाडाचा कोल्हापूरकर. @बरगेवाला, तुम्ही विनोद केलात पण इथं खरंच समुद्राला बरगे आहेत. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या मधल्या रात्री उधाणानं बांध फोडले, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर जी कामं झाली त्यातलं ऑस्टरशेल्ड खाडीच्या तोंडावरचं काम १९८६ ला पुरं झालं. आधी तिथं घट्ट बंद धरण घालायचं ठरलं होतं. मच्छीमार आणि कालवंवाले भांडले, भरती-ओहोटी थांबली तर खाडी मरेल म्हणाले. मग ६२ पोलादी दरवाजे बसवले, एरवी उघडे आणि वादळ आलं की बंद. आपण पावसाळ्यात बरगे काढतो, हे वादळात घालतात.

आणि गंमत म्हणजे आता इथले इंजिनिअर भिंतीपेक्षा वाळू जास्त वापरतात. २०११ मध्ये हेगच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत २१.५ दशलक्ष घनमीटर वाळू एकाच ठिकाणी ओतली. लाटा आणि वारा ती किनाऱ्यानं दोन्हीकडं वाटत नेतात. मी सायकलनं जाऊन बघून आलो, पतंग उडवणारी पोरं सोडली तर 'प्रकल्प' म्हणून दिसण्यासारखं काही नाही.

---

रंकाळा_एक_फेरी

एवढी वाळू आपल्याकडं किनाऱ्यावर ओतली तर सकाळपर्यंत डंपर लागतील.

---

शिरोलीचा_वाळूवाला

😄 खरंय.

पण वाळू ओतायची तर कुठली? खाडीतला गाळ काढून टाकला तर चालेल का? आम्ही मोल्डिंगला वाळू घेताना चाळण्यांवर तिचा दाणा बघतो, बारीक आली की कास्टिंगला वायू कोंडतो. इथंही दाण्याचं काही असेलच.

---

पायाभरणी

शाब्बास. हाच प्रश्न अधिकाऱ्यांना विचारायला शिकवावा लागतो. ओतलेली वाळू मूळ वाळूइतकी तरी जाड हवी, किंवा थोडी जास्त. बारीक ओतली तर पहिल्याच पावसाळ्यात जाते. खाडीतल्या गाळात चिखल असेल तर तो पाणी गढूळ करून निघून जाईल, हाती काही राहणार नाही.

भारतातलं उदाहरण पुदुच्चेरीचं. १९८९ च्या सुमारास तिथं बंदराचे बांध समुद्रात घातले. किनाऱ्यानं उत्तरेकडं सरकणारी वाळू अडली, शहरापुढची पुळण नाहीशी झाली, मग दगड टाकले, वर्षानुवर्षं लोकांनी दगडच बघितले. पुढं चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा अडसर बसवला आणि वाळूची जोड दिली. शहरापुढं पुन्हा पुळण धरली. पण बंदरानं अडवलेली वाळू पलीकडं पोचवत राहावीच लागते. ओडिशात पेंठा गावाला जिओटेक्स्टाइलच्या वाळूभरल्या लांब नळ्या रचून बांध घातलाय. यातलं काहीही तुमच्या वाडीला जसंच्या तसं लागू होणार नाही. त्याचा अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी लाटांची प्रतिकृती करून होतो, आणि तो वाडीचा नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या सगळ्या आखाताचा व्हायला हवा.

---

वायव्य_वारा

पण शेवटी समुद्राची पातळीच वाढतेय, तर हे सगळं करून काय उपयोग? सगळा किनारा जाणारच.

---

पायाभरणी

पातळी वाढतेय, आणि वादळाला त्यामुळं वरची पायरी मिळतेय, मान्य. पण 'सगळा' नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ चे उपग्रह नकाशे ताडून पाहिले : देशाच्या किनाऱ्यातला ३३.६ टक्के झिजतोय, २६.९ टक्के वाढतोय, उरलेला जवळपास जागेवर. एकीकडं जातंय, दुसरीकडं साचतंय. म्हणून तर वाळू कुठं अडली ते आधी शोधायचं.

---

नदीकाठची_सून

एक बोलू का? घराच्या मागं जागा आहे का हो मामांची?

---

शिरोलीचा_वाळूवाला

आहे ताई. रस्त्यापलीकडं १४ गुंठे, नुसती आंब्याची चार कलमं. हे मी मामाला बोललो नाही अजून. तुळशीवृंदावन आजीनं बांधलेलं आहे.

---

सुरमयेचो_वाटो

मागं जागा असलेले नशीबवान. तरी बोलू नका एवढ्यात. आधी त्याच्या बाजूनं उभे राहा, मग बोला.

---

शिरोलीचा_वाळूवाला

बारा दिवसांनी लिहितोय, माफी.

शनिवारी गेलो. दोन डब्यांत वाळू आणली, एक बंधाऱ्याच्या पायथ्याची आणि एक आमच्या मोकळ्या पुळणीची, दोन्ही ओहोटीला एकाच पातळीवरून. सोमवारी कारखान्यात वाळवून चाळली. बंधाऱ्यापुढच्या डब्यात जाड दाणा आणि शिंपल्यांचा चुरा, बारीक जवळपास नाहीच, सगळी धुऊन गेलेली. आमच्या पुळणीतली निम्म्याहून जास्त बारीक. दोन डब्यांवरून शास्त्र होत नाही हे कळतं. पण हेल्पर पोरगं म्हणालं, 'मालक, ही दोन वेगळ्या गावची वाळू आहे.' अंतर चारशे पावलं.

विहिरीच्या उरलेल्या कठड्यावर लाल रंगाची खूण केली. तिथून वाळूचा कडा २३ पावलं. मामेभावाला सांगितलंय, दर अमावास्येला त्याच जागी उभं राहून फोटो काढायचा आणि पावलं मोजायची.

अर्जाचं म्हणाल तर मूळ कागदावर सही केली नाही. दुसरा मसुदा केला : पूर्ण आखाताची पाहणी आधी, बंधारा करायचाच झाला तर कापड, गाळणीचा थर आणि पायथा अंदाजपत्रकात वेगळे दाखवावेत, होड्यांना वाट मूळ आराखड्यातच असावी, आणि दोन्ही टोकांना काय होणार याचं लेखी उत्तर द्यावं. पलीकडच्या वाडीतल्या लोकांनाही दाखवला, त्यांतल्या नऊ जणांनी सही केली. आमच्या वाडीतल्या चौघांनी केली, बाकीचे म्हणाले अभ्यासाच्या नावाखाली हे काम बारगळणार. त्यांचं चूक आहे असं मला छातीठोक म्हणता आलं नाही.

मामानं अजून केलेली नाही. वाचला त्यानं पूर्ण, दोनदा. मग कागद घडी करून देवघरात ठेवला आणि म्हणाला, 'पयलो बंधारो येवंदे, मगे तुझी वाळू चाळूया.' मागच्या १४ गुंठ्यांचं मी अजून बोललेलो नाही.

---

सुरमयेचो_वाटो

देवघरात ठेवल्यान म्हणजे फेकल्यान नाय. फुडच्या अमावास्येक येतास काय? मी थयसर येतंय, माका ती लाल खूण बघूची आसा.

---

शिरोलीचा_वाळूवाला

येतो. या खेपेला गगनबावड्याकडनं उतरतो, संध्याकाळच्या ओहोटीला पोचेन.